जाळीची टोपी सुईवरून उतरली, आता पुढचं काम : टोकं लपवण्यापासून ब्लॉकिंगपर्यंत

जाळीची टोपी विणून सुईवरून उतरवली की पहिल्यांदा बहुतेकांचा चेहराच पडतो. इतके दिवस टाके मोजून मोजून विणलेलं असतं आणि हातात येतो एक चुरगळलेला गोळा, जाळ्या सगळ्या मिटलेल्या, पानांची नक्षी कुठे सुरू झाली कुठे संपली काही कळत नाही, वर माथ्याला शेंडीसारखं टोक आलेलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी जणींनी नेमकं इथे येऊन टोपी उसवायला काढलीय आणि मी दर वेळी त्यांचा हात धरलाय. थांबा, ती बिघडलेली नाहीये, ती अजून पूर्णच झालेली नाहीये.

जाळीचं विणकाम भिजवून, ताणून, वाळवल्याशिवाय खुलत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका नाजूक जाळीच्या शाली विणायच्या, त्या धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवायच्या आणि या कामाला त्यांचा शब्दच होता 'ड्रेसिंग', म्हणजे शालीला नटवणं. आपण ब्लॉकिंग म्हणतो. शाल मात्र सपाट असते, चारी बाजूंनी ताणली की झालं. टोपीचं तसं नाही, टोपीत दोन वेगवेगळ्या स्वभावाचं कापड एकत्र असतं. खालची बॉर्डर, म्हणजे सुलट-उलट टाक्यांची रिब, ती आवळलेलीच राहायला हवी, नाहीतर टोपी डोक्यावर टिकणार नाही. आणि वरची जाळी ताणून उघडायला हवी, नाहीतर नक्षी दिसणार नाही. एकाच टोपीत एक भाग जपायचा आणि एक भाग ताणायचा, पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे, ती डोक्यात ठेवून वाचा.

माथा बंद करताना

टाके कमी करत करत शेवटी सुईवर 6 ते 10 टाके उरतात. लोकर तोडताना 8 ते 10 इंचांचं टोक ठेवा, कंजूषी नको. हे टोक बोथट टोकाच्या मोठ्या सुईत (स्वेटर शिवायची असते ती) ओवा आणि उरलेल्या टाक्यांतून एकेक करत सगळ्यांतून फिरवा. एकदा फिरवून ओढायचं आणि मोकळं व्हायचं असं बरेच जण करतात पण मी नेहमी दोनदा फिरवते, कारण एकदाच फिरवलेला धागा वापरता वापरता सैल पडतो आणि माथ्यावर भोक दिसायला लागतं. दुसरा फेरा झाला की सावकाश ओढा, एका झटक्यात नाही, मऊ लोकर असेल तर तुटते. भोक मिटलं की सुई मधूनच आत घाला, टोपी उलटी करा आणि आतल्या बाजूने आजूबाजूच्या दोन-तीन टाक्यांच्या पाठीतून धागा फिरवून घट्ट करा.

गाठ मारू नका. माझी मावशी केमोथेरपी घेत होती तेव्हा तिच्यासाठी टोपी विणली होती, तिने टोपी हातात घेतल्यावर नक्षी नंतर बघितली, आधी आत हात घालून माथ्यावर बोट फिरवलं, कुठे टोचतंय का म्हणून. केस नसलेल्या डोक्याला आणि तान्ह्या बाळाच्या डोक्याला एवढीशी गाठसुद्धा टोचते, टोपी घालून उशीवर डोकं टेकलं की आणखीनच. तेव्हापासून कोणाचीही टोपी असो, मी आतून बोट फिरवून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

टोपी वरून खाली विणली असेल तर मात्र शेवट काठावर होतो, आणि तिथे टाके सैल बंद करायला हवेत. नेहमीसारखे बंद केले तर काठ दोरीसारखा आवळतो, टोपी डोक्यात जातच नाही. सोपा उपाय म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणायचे, झालेला एक टाका परत डाव्या सुईवर घ्यायचा, पुन्हा दोन एकत्र (मागच्या बाजूने सुई घालून विणलं तर टाके नीटस बसतात), असं शेवटपर्यंत. शिवाय सुई एक-दोन नंबर मोठी घ्या. बंद करून झाल्यावर काठ दोन्ही हातांनी ताणून बघा, स्वतःच्या डोक्यावर घालून बघा, काच जाणवला तर उसवून परत करा, कारण घट्ट काठ ब्लॉकिंगने सुधारत नाही.

टोकं लपवणं, इथे घाई करू नका

साध्या टोपीत धाग्याची टोकं कुठेही लपवली तरी चालतं. जाळीत नाही चालत, आरपार दिसतं ना सगळं! धागा जाळीच्या भोकावरून गेला तर ते भोक अर्धं बुजतं आणि ब्लॉक केल्यावर तर ते बरोबर डोळ्यात भरतं. म्हणून आधी टोपी उलटी करून उजेडासमोर धरा आणि जाड जागा कुठे आहेत ते बघा. दोन टाके एकत्र करून जिथे टाके कमी केलेत तिथे टाक्यावर टाका बसून एक भरीव रेघ तयार झालेली असते, टोक त्या रेघेच्या पाठीमागून न्यायचं. नक्षीच्या दोन पानांमध्ये साध्या सुलट टाक्यांची पट्टी असेल तर तीही चालते. दोन-अडीच इंच न्या, मग दिशा बदलून इंचभर परत आणा, एका दिशेने सरळ नेलेलं टोक ताण पडला की सरकून बाहेर येतं.

काठाचं टोक रिबमध्ये लपवणं सगळ्यात सोपं, सुलट टाक्यांच्या उभ्या रांगेच्या आतून वर वर जायचं, आडवं जायचं नाही, आडवं गेलं तर रिबची लवचिकता तिथे मरते. पण त्याआधी एक काम आहे. गोल विणायला सुरुवात केली तिथे काठावर छोटी पायरी दिसते, पहिला टाका खाली आणि शेवटचा वर. सुरुवातीचंच टोक सुईत ओवून समोरच्या टाक्याच्या खालून काढा आणि परत जिथून धागा निघालाय तिथेच खाली घाला, हलकेच ओढा, दोन्ही बाजू एका पातळीत आल्या की थांबा. दोन मिनिटांचं काम, पण काठ अखंड दिसतो.

लोकर गुळगुळीत असेल, म्हणजे रेशीम, सुती किंवा मशीनमध्ये धुता येणारी सुपरवॉश लोकर, तर टोकाचे पदर सुटे करून दोन भाग करा आणि दोन वेगळ्या दिशांना लपवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकं आत्ता कापायची नाहीत, अर्धा-पाऊण इंच बाहेर लोंबत राहू दे. भिजल्यावर कापड ताणलं जातं, टोकं थोडी आत ओढली जातात, आधीच कापलेली असतील तर ती सुटून वर येतात, वाळल्यावर कापायची.

आता एकदा पूर्ण टोपी उजेडात तपासून घ्या. कुठे टाका सुटला असेल तर तो लगेच सेफ्टी पिनमध्ये पकडा, ओल्यात ताणलं की तो सरसर खाली उसवत जाईल. जाळीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर चढवत आणणं अवघड जातं (टाके तिरके गेलेले असतात), त्यापेक्षा त्याच लोकरीच्या छोट्या तुकड्याने मागून बांधून त्याची दोन्ही टोकं लपवा. नको तिथे भोक पडलंय असं आत्ता दिसलं, तरी मागून तसाच एक-दोन टाक्यांत तुकडा फिरवून ते मिटवता येतं. चार-पाच दुटोकी सुयांवर विणलं असेल तर दोन सुयांच्या सांध्यावर शिडीसारखी सैल रेघ दिसते, शेजारचे टाके सुईच्या टोकाने थोडे थोडे ओढून ती सैल लोकर वाटून घ्या, राहिलेली भिजल्यावर बरीचशी बसते.

भिजवण्याआधी : लोकर कसली आहे?

हे लेबलवर बघाच, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर ठरते.

मेंढीची लोकर सगळ्यात गुणी. पाण्यात तिच्या तंतूंच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना जो आकार दिलेला असेल त्या आकारात परत जुळतात, म्हणून ब्लॉक केलेला आकार टिकतो, पुन्हा भिजेपर्यंत. तिचं एकच दुखणं, तंतूवर बारीक खवले असतात आणि गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकून टोपी आटते, नमद्यासारखी घट्ट होते. मग ती कशानेही परत येत नाही. सुपरवॉश लोकरीत ह्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, ती आटत नाही पण ओली झाली की भलतीच पसरते, तिला ताणायचं नाही, उलट गोळा करून मापात बसवायचं. अल्पाका (त्याच नावाच्या प्राण्याच्या केसांचा धागा) सुद्धा जड होऊन लोंबतो आणि स्वतःहून परत आवळत नाही, त्याला कमी ताण. सुती धागा पाण्याने आकार घेतो पण रिबमध्ये लोकरीसारखी स्प्रिंग नसते.

अॅक्रिलिक वेगळंच प्रकरण. ते प्लॅस्टिक आहे, पाण्याने त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, वाळून थोड्या वेळाने परत मूळ रूपात जातं, त्याला आकार देते ती उष्णता. त्याबद्दल शेवटी सांगते.

गडद लाल, निळा, काळा असा रंग असेल तर ओला पांढरा रुमाल टोपीच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून बघा. रंग लागला तर गार पाणी वापरा, जास्त वेळ भिजवू नका आणि दोन रंगांची टोपी असेल तर भिजवून तशीच सोडून कुठे जाऊ नका.

काठ आधी बांधून घ्या

हे मी सुरुवातीला करत नव्हते. बेरेसारखी, म्हणजे चपटी आणि पसरट, मोठी जाळीची टोपी जेवणाच्या ताटलीवर ताणून वाळवली, जाळी अशी सुंदर उघडली की बघत राहावं, पण बॉर्डरही ताटलीच्या पाठीवर ताणलेलीच वाळली आणि टोपी घातली की नाकापर्यंत यायची. परत भिजवून, काठ आवळून सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हा भिजवण्याआधीच गुळगुळीत पांढरा सुती दोरा सुईत ओवून काठाच्या पहिल्या ओळीतून सैल धावदोरा घाला आणि दोन्ही टोकं लांब ठेवा. टोपी साच्यावर चढवली की हा दोरा ओढून काठ हव्या मापावर आणायचा आणि फुलगाठ मारायची. माप किती? डोक्याचा घेर 22 इंच असेल तर काठ न ताणता 20 इंचांच्या आसपास हवा, म्हणजे डोक्यापेक्षा एक ते दोन इंच कमी. मोठ्या माणसांच्या डोक्याचा घेर साधारण 21 ते 23 इंच असतो, पण शक्य असेल तर टेप घेऊन मोजाच.

भिजवणं आणि पाणी काढणं

बादलीत किंवा टबमध्ये कोमट पाणी घ्या, हाताला ना गरम ना गार वाटेल असं, आणि लोकरीचे कपडे धुवायचं लिक्विड चमचाभर. ते नसेल तर साधा शाम्पू चालतो, लोकर म्हणजे केसच आहेत. कपड्यांची रोजची पावडर नको, ती क्षारयुक्त असते, लोकर खरखरीत होते. टोपी पाण्यावर ठेवून हाताने हलकेच दाबत बुडवा, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाईल. कोरडी लोकर पटकन भिजत नाही, म्हणून 20 मिनिटं तशीच राहू दे. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही.

खंगाळायचं असेल तर दुसऱ्या भांड्यात तेवढंच कोमट पाणी घेऊन त्यात टोपी ठेवा. गरमातून एकदम गारात टाकली की लोकर दचकते असं मी मुलींना सांगते, म्हणजे आटायला लागते.

बाहेर काढताना ओंजळीत घेऊन काढा. काठाला धरून उचलली तर पाण्याच्या वजनाने जाळी लोंबते आणि टोपीची लांबी वाढते. ओंजळीतच दाबून पाणी काढा, पिळू नका, ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर असते. मग जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि ती दाबा, पायाने उभं राहून दाबली तरी चालेल. टॉवेल ओलाकच्च झाला तर दुसरा घ्या. टोपी ओलसर लागायला हवी पण थेंब गळता कामा नये.

साचा

टोपी कधीही दुमडून सपाट वाळवू नका, दोन्ही बाजूंना घडीची रेघ पडते आणि ती डोक्यावर स्पष्ट दिसते.

डोक्याला बसणारी टोपी असेल तर माझा आवडता साचा म्हणजे साधा गोल फुगा. टोपीच्या आत फुगा घाला, त्याचं तोंड काठातून बाहेर राहील असं, आणि मग फुगवा. फुग्याचा गोल भाग माथ्याला आकार देतो आणि तोंडाकडे तो आपोआप निमुळता होतो तिथे बरोबर बॉर्डर बसते, म्हणजे जे हवंय तेच. टेपने घेर मोजत फुगवा, जाळीच्या भागात डोक्याच्या घेराएवढा किंवा इंचभर जास्त, त्यापेक्षा जास्त नको. तोंड बांधून फुगा एखाद्या रुंद बरणीच्या किंवा मगच्या तोंडावर बसवा, काठाचा दोरा ओढून बांधा. फुगा उन्हात किंवा हीटरजवळ ठेवला तर फुटतो आणि रात्रभरात थोडी हवाही कमी होते, त्यामुळे सकाळी एकदा माप बघून घ्या.

फुगा नसेल तर डोक्याच्या मापाचा बाऊल पालथा घालून चालतो, पण बाऊलचा काठ टोपीच्या काठाला ताणत नाही ना हे बघा. टोपीच्या काठालाच जाळीचे कंगोरे असतील तर मात्र फुगा उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक कंगोरा टाचणीने ओढून लावावा लागतो. तिथे थर्मोकोलचं डोकं घ्या, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळा आणि न गंजणाऱ्याच टाचण्या वापरा, गंजाचा डाग लोकरीतून जात नाही.

बेरे असेल तर ताटली. 10 ते 11 इंच व्यासाची, टोपीच्या मापाप्रमाणे. 11 इंची ताटलीचा घेर साडेचौतीस इंच होतो हे लक्षात घ्या, टोपी तेवढी ताणत नसेल तर लहान ताटली घ्या, जबरदस्ती नको. काठातून ताटली आत सरकवा, माथ्याचा मध्य ताटलीच्या मध्यावर आणा, पालथ्या बाजूला बॉर्डर गोळा करून दोरा बांधा आणि ताटली बरणीवर ठेवा, म्हणजे दोन्हीकडून हवा लागते.

आता खरं ब्लॉकिंग

टोपी साच्यावर चढवली म्हणजे झालं असं नाही, आता निवांत बसून नक्षी लावायची. मला सगळ्या विणकामात हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. माथ्यापासून सुरुवात करा. टाके कमी केलेल्या रेघा माथ्यापासून सूर्यकिरणांसारख्या निघतात, त्या समान अंतरावर आहेत ना, कुठली वाकडी गेली नाही ना ते बघत तळहाताने सरकवत जा (नक्षीच गोल फिरणारी असेल तर ती फिरू दे, सरळ करू नका). मग एकेक पान दोन्ही बाजूंनी बोटांनी फाकवा. आणि मग बोथट सुई घेऊन जाळीच्या प्रत्येक भोकात घालून हलकेच गोल फिरवा, मिटलेलं भोक डोळा उघडल्यासारखं उघडतं, कडेचे तीन धागे वेगवेगळे दिसायला लागतात. शंभर-दीडशे भोकं असतात, अर्धा तास जातो. करा. दूरून नक्षी कशी दिसते ते बघायला मध्ये मध्ये चार पावलं मागे जा, जवळून जे कळत नाही ते लांबून चटकन दिसतं.

बॉर्डरला ह्यात हात लावायचा नाही, उलट बोटांनी ती आत आत लोटून रिबच्या रांगा जवळ आणायच्या.

वाळवणं

सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात. ऊन नको, हेअर ड्रायर नको. बारीक लोकरीची टोपी एका दिवसात वाळते, जाड असेल किंवा हवा दमट असेल तर दोन दिवसही लागतात. लोकर फसवी असते, स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात ठेवूनसुद्धा हाताला कोरडी लागते, म्हणून वाळली असं वाटल्यावर आणखी अर्धा दिवस राहू दे. माथ्याला आणि काठाला गालाने स्पर्श करून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. ओल असताना काढली तर ती परत मिटायला लागते आणि सगळी मेहनत वाया.

फुगा टोपीच्या आत फोडू नका. तोंडाजवळ कात्रीने बारीकशी चीर देऊन हवा सावकाश जाऊ द्या, टोपी आपोआप मोकळी होते. मग काठाचा सुती दोरा ओढून काढा आणि लोंबणारी टोकं आता कापा, अगदी कापडालगत नको, दोन-तीन मिलिमीटर ठेवून.

अॅक्रिलिकची टोपी असेल तर

आधी त्याच लोकरीच्या छोट्या नमुन्यावर करून बघा. टोपी पालथ्या बाऊलवर किंवा घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर चढवा (फुग्यावर नको, वाफेने फुटेल), वाफेची इस्त्री इंचभर वर धरून फक्त वाफ सोडा, इस्त्री टेकवू नका. एका जागी दोन-तीन सेकंद वाफ, मग बोटांनी जाळी उघडा, बोटं भाजणार नाहीत हे सांभाळून, मग पुढची जागा. बॉर्डरला वाफ अजिबात द्यायची नाही. जास्त उष्णता लागली की अॅक्रिलिक लुळं पडतं, चमकायला लागतं आणि रिब लुळी पडली की ती कायमचीच गेली. तिथेच गार होऊ द्या, मगच काढा.

वापरताना

गोंडा लावायचा असेल तर तो आत्ता, ब्लॉकिंगनंतर. जाळीच्या टोपीला जड गोंडा लावू नका, माथा खाली ओढला जातो. आतून छोटं बटण लावून त्याला बांधला तर धुताना सोडताही येतो.

लोकरीची टोपी प्रत्येक वेळी धुतल्यावर परत साच्यावर चढवावी लागते, पण दुसऱ्यांदा फार वेळ लागत नाही, टाक्यांना आपली जागा बऱ्यापैकी ठाऊक झालेली असते. खुंटीला टांगू नका. मोसम संपला की धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा, कसरीला घामाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. आत मऊ कागदाचा किंवा सुती कापडाचा बोळा भरून ठेवली तर माथ्याला घडी पडत नाही आणि पुढच्या थंडीत काढली की लगेच घालता येते.